आत्याचं तात्पर्य

पेणच्या रामवाडीतल्या मामाच्या घरात सकाळ उजाडायची ती पापडाचं पीठ कुटण्याच्या आवाजानं. उडदाचं घट्ट भिजवलेलं पीठ मामी पाट्यावर ठेवायची, मुसळीला तेलाचा हात लावायची आणि कुटत बसायची. धप्प, धप्प. मधे पीठ उलटं करायला थांबायची, पुन्हा धप्प. हिंगाचा आणि पापडखाराचा वास अंथरुणापर्यंत यायचा. आई पिठाची लांब वळी करून दोऱ्यानं तिचे तुकडे पाडायची. या तुकड्यांना लाट्या म्हणतात. मी आणि माझी धाकटी बहीण पमी उठलो की तोंड धुवून एकेक लाटी तेलात बुडवून हातावर मिळायची. कच्ची लाटी खाण्यात जी मजा आहे ती भाजलेल्या पापडात नाही, हे पेणच्या कुठल्याही मुलाला विचारा. मग शेजारच्या बायका आपापली पोळपाट-लाटणी घेऊन यायच्या, पडवीत ओळीनं बसायच्या आणि लाटण्यांची कटकट सुरू व्हायची. त्या कटकटीत त्या बोलायच्या, आणि आम्ही जवळ गेलो की बोलणं थांबायचं. लाटणी मात्र चालू राहायची. एखाद्या घरात आपल्याविषयी बोलणं चाललं आहे हे कळायला शब्द ऐकू यावे लागत नाहीत.

आई रोह्याचं घर सोडून आम्हाला घेऊन भावाकडे आली होती. का आली, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि नंतर जे कळलं ते इथं लिहिण्याची गरज वाटत नाही. दोघंही सरळ माणसं होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एवढं एक वाक्य त्या वर्षात कोणी मला ऐकवलं असतं तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. मला सांगण्यात आलं ते असं, की पापडाचा हंगाम आहे, मामीला मदत हवी आहे, म्हणून आई आली आहे. मी चौथीत होते, हिशेब मला तेव्हाही कळत होता. पावसात पापड वाळत नाहीत. पाऊस सुरू झाला, लाटणी भिंतीला टेकली, बायका शेतात भाताच्या आवणीला गेल्या, तरी आम्ही तिथंच. माझं नाव पेणच्या शाळेत घातलं, तरी हंगामच चालू. एकदा पाणी भरताना शेजारच्या आजींनी मला सरळ विचारलं, "काय गो सुने, तुज्या बापानं सोडली काय तुज्या आयला?" मी घरी येऊन मामाला हेच विचारलं. नानामामा पोह्याच्या गिरणीत कामाला होता, अंगावर नेहमी भुसा. तो म्हणाला, "तिच्या तोंडाला काय हाड हाय का? तू वाच. थांब, तुला पुस्तक आणतो." आणि त्यानं खरोखर आणलं.

त्या वर्षी हे असंच चाललं. मी विचारलं की पुस्तक मिळायचं. आज लहान मुलांच्या मनासाठी पुस्तकं वापरावीत, असं जाणकार मंडळी सांगतात तेव्हा लोकांना ते फार नवीन वाटतं. आमच्याकडे ते चालू होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. मामानं जत्रेतल्या दुकानातून आणलेलं पुस्तक सावत्र आईचं होतं. मुखपृष्ठावर एक बाई, दात बाहेर, हातात तापलेली पळी, आणि खाली दोन मुली एकमेकींना धरून. कागद इतका पातळ की पुढच्या पानावरची पळी मागच्या पानावरच्या राजाच्या डोक्यातून आलेली दिसायची. मामी ते मला मोठ्यानं वाचायला लावायची आणि स्वतः तांदूळ निवडत ऐकायची. पळीचं पान आलं की म्हणायची, "बघ. बापानं दुसरी केली की असं व्हतं. रोह्याला जातेस ना, जा, पण तिकडं रमू नको." पमी पाच वर्षांची होती. तिनं पुढे कित्येक दिवस मामीच्या हातातल्या पळीकडे पाहून रडून घेतलं, आणि मामीला आजतागायत कारण कळलेलं नाही.

रोह्याला आम्ही एका रविवाराआड जायचो. तिथं बाबा आणि माईआत्या राहायची. आत्या बाबांची थोरली बहीण, लग्न न केलेली, प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि सगळ्या रोह्यात तिच्या शिकवण्याचं कौतुक. घर नदीपासून जवळ, आवाज फक्त कंपनीच्या भोंग्याचा. बाबा धाटावच्या बाजूला एका कंपनीत होते. पहिल्या शिफ्टहून आले की त्यांच्या शर्टाला एक गोडूस, डोक्यात चढणारा वास असायचा, आणि त्या वासातच ते आम्हाला जवळ घ्यायचे. दुपारी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, कधी जवळा. आत्याच्या हाताला चव होती, ते नाकारून चालणार नाही. जेवण झालं, भांडी झाली, की आत्या चटई टाकायची आणि कपाटातून गोष्टींचं पुस्तक काढायची.

तिची पद्धत ठरलेली होती. पान उलटण्याआधी ती जिभेवर बोट टेकवायची, चांगलं ओलं करायची, आणि मग त्या बोटानं पानाचा कोपरा ओढायची. तिच्या प्रत्येक पुस्तकाचा उजवा कोपरा मऊ पडलेला होता, काळपट, थोडा चिकट. ते पुस्तक मग माझ्या हातात यायचं. मी कोपऱ्याला हात न लावता खालून पान उचलायला शिकले. गोष्ट संपत आली की आत्या आपला तळवा पानाच्या तळाशी ठेवायची, जिथं जाड ठशात 'तात्पर्य' छापलेलं असतं तिथं. "सांग सुनीता. तात्पर्य काय?"

सुरुवातीला मी खरोखर विचार करून सांगायचे. चिमणीची गोष्ट असेल, तर चिमणीविषयी. आत्या मान हलवायची. "नीट विचार कर. चिमणीनं काय केलं? रागाच्या भरात घरटं सोडलं ना? मग पिलांचे हाल कोणामुळं झाले?" कासवाची गोष्ट असो, लाकूडतोड्याची असो, लोभी सावकाराची असो, आत्याच्या हाताखालून निघणारं उत्तर शेवटी घर सोडण्यावर यायचं. तिनं हात उचलला की खाली छापलेलं असायचं, 'लोभ धरू नये'. मी दाखवायचे. ती म्हणायची, "छापलेलं सगळं पूर्ण नसतं." मग मला किल्ली सापडली. रोह्यात कुठल्याही गोष्टीला 'घर' हा शब्द घालून उत्तर द्यायचं, ते बरोबर येतं. पेणला मामीपुढे 'दुष्टांपासून सावध राहावं' म्हणायचं, तेही बरोबर येतं. गोष्ट वाचायचीसुद्धा गरज नव्हती. मी पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान काढून तात्पर्य बघून घ्यायचे, म्हणजे आत्याच्या हाताखाली काय आहे आणि त्यात घर कसं बसवायचं याची तयारी व्हायची. गोष्टींची गोडी माझ्या मनातून गेली ती तेव्हा. लग्नानंतर, मुलांना वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा परत आली, आणि तीही चोरून, शेवटचं पान चिकटपट्टीनं बंद करून.

हे लिहायला बसण्याचं निमित्तही एक पुस्तकच आहे. आमच्या सोसायटीत पुस्तकांचं एक कपाट आहे, त्याची देवघेव मी बघते. खालच्या मजल्यावरचा एक तरुण, डोलवीच्या कंपनीत नोकरीला, मध्यंतरी एक गुळगुळीत रंगीत पुस्तक घेऊन वर आला. नवराबायको वेगळे होणार, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं.

"काकू, मुलाला द्यायचंय. तुम्ही एकदा नजर घालता का?"

"त्याला सांगितलंत?"

"काय?"

"तुम्ही वेगळे होताय ते."

तो हसला, कसनुसा. "म्हणजे... त्यासाठीच तर पुस्तक. त्यात छान समजावलंय. ससे आहेत."

मी ते रात्रीचं जेवण आटोपून बसून वाचलं. चोवीस पानं. सशाला दोन घरं, दोन पलंग, दात घासायचे दोन ब्रश, दोन वाढदिवस. अठरा पानांवर सगळी तोंडं हसरी. 'नाही' हा शब्द एकदाही आला नव्हता; मी दुसऱ्यांदा वाचून खात्री केली. चित्रं सुंदर, छपाई उत्तम, आणि मी ते पालथं घालून दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत देताना मी त्याला म्हटलं, "आधी तुम्ही दोघांनी त्याला समोर बसवून तोंडानं सांगा. मग हवं तर वाचा. सांगायचं काम सशावर टाकू नका." त्याला राग आला. येऊ दे. त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे ससे नव्हते.

तर चौथीच्या त्या वर्षीच एका रविवारी रोह्याला बिरड्याचं जेवण व्हायच्या आधीच आत्यानं चटई टाकली होती. बाबा रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपले होते. आत्या खुशीत होती. "आज मी तुमच्यासाठी पुस्तक केलंय," ती म्हणाली. "स्वतः." चित्रकलेच्या जाड कागदांची पानं, मधून गजऱ्याच्या दोऱ्यानं शिवलेली. जुन्या क्रमिक पुस्तकांतली आणि कॅलेंडरांतली चित्रं कापून मैद्याच्या खळीनं चिकटवलेली. खळ पुरती वाळली नव्हती, पानं उघडताना चर्र करून सुटायची आणि आंबट वास यायचा. वर सुवाच्य अक्षरात नाव होतं, 'दोन करडं'. आत्यानं पमीला मांडीवर घेतलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "मोठ्यानं वाच. पमीला कळेल असं."

मी सवयीनं शेवटचं पान काढलं. तिथं लाल शाईत लिहिलं होतं : 'तात्पर्य : वाटून घेतलं की भांडण मिटतं आणि सगळे सुखी होतात.'

त्यात घर कसं बसवायचं, हा माझा पहिला विचार. मग मी गोष्ट वाचायला लागले. एका शेळीचे दोन मालक असतात. त्यांचं भांडण होतं. शेळीला दोन करडं असतात, एक थोरलं, एक धाकटं. भांडणामुळं करडांना चारा कोणी घालेना. तेव्हा शहाणं वडाचं झाड सांगतं, अरे, भांडता कशाला? एकेक करडू घ्या. मग थोरलं करडू राहतं बाजाराच्या गावी, धाकटं जातं नदीकाठच्या घरी. तिथं गवत हिरवंगार असतं. सणाला दोन्ही करडं भेटतात आणि उड्या मारतात. समाप्त. शेळी तिसऱ्या पानानंतर कुठंच नव्हती.

आमच्या रामवाडीच्या शेजारी एकजण शेळ्या अर्धलीनं पाळायचा. म्हणजे शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, आणि होणारी करडं निम्मीनिम्मी. पहिलं सांभाळणाऱ्याचं, दुसरं मालकाचं, असा त्यांचा करार. न्यायच्या दिवशी करडू ओरडायचं, शेळी दावं तोडायला बघायची, आणि दोन्ही पुरुष पान खात उभे असायचे. मी ते पाहिलेलं होतं. त्यामुळं मला वडाच्या झाडाची भाषा समजायला वेळ लागला नाही. पहिली मी, आई सांभाळते, मी पेणला. दुसरी पमी. आणि नदीकाठच्या घराच्या चटईवर आम्ही बसलेलोच होतो.

"आत्या, हे करडू म्हणजे पमी का?"

"गोष्ट आहे ती, सुनीता. गोष्टीतलं करडू म्हणजे करडू."

"मग ते नदीकाठी का जातं?"

"गवत हिरवं असतं म्हणून. पुढचं पान राहिलं ना? आधी तात्पर्य सांग."

"ते लिहिलेलंच हाय."

"हाय नाही. आहे."

"लिहिलेलंच आहे. पमीला हितं ठेवणार?"

आत्यानं बोट जिभेवर टेकवलं, ओलं केलं, आणि माझ्या हातातलं पान उलटून मागं नेलं. "इथं बघ. दोघं किती हसतायत." चित्रातल्या जनावरांच्या तोंडावर तिनं लाल पेनानं हसू काढलेलं होतं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. पमीनं वाकून पाहिलं. "आत्या, ही मेंढरं हायत," ती म्हणाली. शेळीची चित्रं मिळाली नसावीत. आत्या जरा ओशाळली. "मेंढी काय, शेळी काय, भाव समजून घ्यायचा." पमीला भाव समजला नाही, पुस्तक मात्र फार आवडलं. तिच्यासाठी कोणी पहिल्यांदाच पुस्तक केलं होतं. तिनं ते परत परत वाचायला लावलं, आणि नदीकाठी उड्या मारायचं पान आलं की ती मांडीवरून उतरून उड्या मारायची.

आत्यानं चांगल्या मनानं केलं होतं, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मीही म्हणते. ती दोन रात्री जागून कागद कापत बसली असेल. मला तिच्या मनाविषयी काही म्हणायचं नाही. पण एका पोरीला तिच्या बहिणीपासून तोडणार आहोत हे वाक्य ज्यांच्या जिभेवर येत नाही, त्यांनी ते करू नये, आणि करायचंच असेल तर खळीनं चिकटवून करू नये, असं मला वाटतं. त्या दिवशी बिरड्याचा पहिला घास घेतला आणि खळीचा आंबट वास नाकात आला. पुढं कित्येक वर्षं मी वालाला हात लावला नाही. सासरी त्यावरून मला नखरेल म्हणत.

परत निघालो तेव्हा बाबा बरोबर होते. पेणच्या एसटीत बसायचं, पण बाबा पेणपर्यंत यायचे नाहीत. वडखळला उतरायचं, तिथं आई पेणहून येऊन थांबलेली असायची. पेण आईचं, रोहा बाबांचं आणि वडखळ कोणाचंच नाही, असा तो करार. ती दोघं बोलायची नाहीत. आम्ही बाबांचा हात सोडून आईचा धरायचो, आणि बाबा रस्ता ओलांडून उलट्या गाडीची वाट बघायचे. गाडीत पमी खिडकीत बसली, पुस्तक मांडीवर. मी बाबांना विचारलं, "पमी रोह्याला राहणार का?"

बाबा बाहेर बघत होते. "आत्यानं समजावलं ना?"

"गोष्ट वाचली."

"मग झालं तर."

मग झालं तर. त्या माणसानं मला कधी मारलं नाही, कधी वाईट शब्द बोलला नाही, म्हातारपणी मी त्यांचं सगळं केलं आणि मनापासून केलं. पण ते तीन शब्द आठवले की अजून माझ्या तोंडाची चव जाते. वाटेतल्या भिसे खिंडीच्या वळणावर मी खिडकीतून ओकले. बाबांनी पाठीवरून हात फिरवला, रुमालानं तोंड पुसलं.

वडखळला संध्याकाळची गर्दी होती. अलिबागकडे वळणाऱ्या गाड्या, कांद्याच्या माळा विकणाऱ्या बायका, मिठाची पोती. आई नेहमीच्या जागी, टपरीच्या बाजूला उभी होती. पमी गाडीतून उतरली आणि पुस्तक हलवत धावत सुटली. "आई! आई, मी नदीचं करडू! सुनी बाजाराचं! मी रोह्याला राहणार, सणाला उड्या मारायला येणार!"

"काय?" आई म्हणाली.

"शेळी नाय येणार. शेळी नायच्चे पुढं."

आईनं पुस्तक घेतलं. ती चौथी शिकलेली होती, ओठ हलवत वाचायची. उभ्या उभ्या तिनं सगळं वाचलं, लाल शाईपर्यंत. बाबा रस्ता ओलांडायला वळले होते. "थांबा," आई म्हणाली. कित्येक महिन्यांत मी तिला त्यांच्याशी बोललेलं ऐकलं नव्हतं. "हे कोणी ठरवलं?"

"मी नाय ठरवलं."

"मग?"

"नाना आला व्हता गेल्या आयतवारी. माईशी बोलला. एकेक पोर म्हणजे दोन्हीकडं बरं पडंल म्हणाला." बाबांनी चप्पल जमिनीवर घासली. "मला वाटलं तुला माहीत असंल."

गेल्या रविवारी मामा पोह्याच्या कामाला बाहेर जातोय असं सांगून गेला होता. आईचा चेहरा मी बघत होते. आपल्या भावाच्या घरात आपण पाहुण्या आहोत हे तिला तिथं, वडखळच्या नाक्यावर कळलं. तिनं पुस्तक मिटलं. मग तिचा आवाज असा चढला की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. "आणि पोरींना सांगायला तुम्हांला शेळी लागली? तोंडं नव्हती एकाला पण? एवढी शिकलेली बाई, एवढा बापय, नि पोरीला सांगतंय कोण, तर वडाचं झाड!"

शेजारी बसलेली कांदेवाली म्हणाली, "शेळी इकायची हाय का गो? दुभती हाय?"

"नाय इकायची!" आई तिच्यावर ओरडली. कांदेवाली म्हणाली, "बरं बाय, नको इकूस," आणि आपल्या माळा सारख्या करायला लागली. बाबांना त्या स्थितीतही हसू आलं, ते त्यांनी दाबलं, आणि मला एकदम धीर आला. का ते सांगता येत नाही. कदाचित ती दोघं एकाच ठिकाणी, एकाच गोष्टीवरून उभी होती म्हणून.

मी विचारलं. गोष्टीतलं नाही, माझं. "आम्हाला वेगळं करणार का?"

आई म्हणाली, "नाय."

मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते. आई म्हणाली, "पोर तुम्हांला इचारतेय."

"नाय," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही? तुम्ही परत एका घरात राहणार का?"

यावर मला नेहमी पुस्तक मिळायचं. त्या दिवशी दोघांच्या हातात काही नव्हतं, 'दोन करडं' सोडलं तर. आईनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे. बोलायचं कोणी, एवढंच त्यांच्यात ठरत होतं. मग आई खाली बसली, माझ्या उंचीला आली. "नाय, सुने. आम्ही दोघं एकत्र राहणार नाय. कधीच नाय. त्यात तुझं काय चुकलं नाय, तिचं नाय. आमचं आमचं हाय ते."

"व्हय," बाबा म्हणाले. "तसंच हाय."

मी रडले. खूप रडले, कांदेवालीनं पाणी दिलं. पण ते रडणं आधीच्या रडण्यांसारखं नव्हतं. आधी रडताना मी कान लावून असायचे, बाहेर काय बोलतायत ते ऐकायला. त्या दिवशी ऐकायचं काही राहिलं नव्हतं. पमीला आज विचारलं तर तिला त्या संध्याकाळची फक्त कांदेवाली आठवते, आणि मेंढरांना कोणी शेळी म्हटलं होतं ते. तिला ते विनोद म्हणून आठवतं. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

आईनं पुस्तक बाबांच्या हातात दिलं. "हे माईंना द्या. म्हणावं, पोरींना काय सांगायचं असंल ते मी सांगीन. आणि माझ्या भावाला काय सांगायचं ते पण मीच." बाबांनी ते काखेत धरलं, नको असलेल्या माणसाला गर्दीत धरावं तसं. पमी त्यासाठी भोकाड पसरून बसली. तिला ते हवं होतं. तिला का नाही मिळायचं ते आईनं सांगितलं, तिच्या भाषेत, सरळ, तिथंच रस्त्याच्या कडेला बसून. पमी ऐकत राहिली. मग तिनं बाबांच्या पँटला मिठी मारली.

रोह्याची गाडी आली. कंडक्टर ओरडायला लागला. बाबा पायरीवर चढले, मग परत खाली उतरले आणि आईला म्हणाले, तिच्याकडे न बघता, पण तिलाच :

"पुढल्या वारी पाठव. दोघींना."

"येतील," आई म्हणाली. "दोघी."